शिगेनोसान आणि विसणाचा नळ

आमच्या न्हाणीत थंड पाण्याचा नळ एकच आहे. पितळेचा, हौदाच्या उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि तो उघडायचा नसतो. असं कुठं लिहिलेलं नाही हं. भिंतीवर बाकी सगळं लिहून ठेवलंय: हौदात उतरण्याआधी अंग धुवा, पंचा पाण्यात बुडवू नका, कपडे धुऊ नका. नळाबद्दल मात्र एक अक्षर नाही. तशी गरजच पडली नाही, कारण नळाशेजारी शिगेनोसान बसायच्या.

काबाशिमा शिगेनो. बुटक्या, खांद्यांनी रुंद, पाठ शेवटपर्यंत ताठ. नवरा बांबूच्या टोपल्या विणायचा, तो गेल्यावर त्याच्याच जागेवर बसून या विणायला लागल्या. दिवसभर बांबू चिरायच्या आणि दुपारी चारच्या ठोक्याला काखेत बादली घेऊन न्हाणीत हजर. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाच्याच घरी न्हाणीघर नव्हतं. आमच्या बेप्पू गावात जमिनीतूनच उकळतं पाणी येतं, घरोघर कशाला हवं? वर मोहल्ल्याच्या बैठकीची खोली, खाली न्हाणी, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. दारात प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी. आलं की आपली पाटी उलटी करायची, आणि जाताना सरळ.

पाणी पंचेचाळीस अंशांचं असायचं. कधी सेहेचाळीस. शिगेनोसान त्यात गळ्यापर्यंत बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. नवख्या कुणी नळाकडे हात नेला की डोळे न उघडता ओरडायच्या. एकदा ओसाकाहून आलेल्या एका पाहुणीनं गुपचूप अर्धा फेरा नळ फिरवला, तर शिगेनोसाननी हौदातून उठून तिला अंग पुसायच्या जागेपर्यंत पोचवलं होतं. मी तेव्हा केस धूत होते, हसता हसता माझ्या नाकात साबण गेला.

पण एका बाईला नळ मोकळा होता. पोटुशी बाई आली की नळ तिचा. ती येणार, नळाशेजारी बसणार, आपल्या हातानं हवं तेवढं विसण घालणार, आणि अख्ख्या गल्लीनं तिच्यापायी आठ-नऊ महिने कोमट पाण्यात बसायचं. कुरकुर करायची नाही. त्यामुळे आमच्याकडे कुणाला दिवस गेले हे नवऱ्याच्या आधी नळाला कळायचं.

आता खरं म्हणजे भिंतीवर एक फळाही होता. हे पाणी कुणी वर्ज्य करावं त्याची यादी: ताप असलेल्यांनी, हृदयरोग्यांनी, आणि शेवटून तिसऱ्या ओळीत ‘गरोदर स्त्रियांनी, विशेषतः सुरुवातीच्या व शेवटच्या महिन्यांत’. सगळ्या गरम झऱ्यांच्या जागी तेव्हा असाच फळा असायचा. पुढं बऱ्याच वर्षांनी सरकारनंच ती ओळ यादीतून काढून टाकली. तोवर आमच्या दोन पिढ्या आयांच्या पोटात असल्यापासून त्या फळ्याखाली न्हात आल्या होत्या.

मी नोबुए. बायकांचे केस कापायचं दुकान आहे माझं, न्हाणीच्या समोरच. दिवसभर बायकांची डोकी माझ्या हातात, त्यामुळे डोक्यात काय चाललंय हे विचारायची सवय लागली, आणि ती सवय मी न्हाणीतही घेऊन जायची. नाक खुपसायला मला फार आवडतं, हे मी आधीच कबूल करते. पुढं जे झालं त्यात या नाकाचा दोष मोठा आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस चिहारु आली. सव्वीस-सत्तावीसची, किडकिडीत, समुद्रापलीकडच्या उवाजिमाची. नवरा ओसाकाच्या बोटीवर स्वयंपाकी, एक रात्र घरी, एक रात्र पाण्यावर. गल्लीच्या टोकाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली होती. पहिल्याच दिवशी तिनं अंग धुतलं, हौदात एक पाय घातला, चटका बसल्यासारखा वर घेतला, आणि सरळ नळ उघडला.

“कोण गं ती पाण्याचा जीव घेतेय?” शिगेनोसान डोळे मिटूनच गरजल्या.

“आजी, फार गरम आहे हो.”

“गरमच असतं. गार हवं असेल तर खाली समुद्र आहे. दहा मिनिटांचा रस्ता.”

सगळ्या हसल्या. माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. पोरगी कानापर्यंत लाल झाली. तिचा हात नळावरच होता, तिला ना तो बंद करता येई ना पुरता उघडता येई. मग ती कशीबशी म्हणाली, “माझ्या... माझ्या पोटात बाळ आहे.”

हसणं जिथल्या तिथं थांबलं. शिगेनोसाननी डोळे उघडले, चिहारुकडे पाहिलं, आणि पाण्यात वीतभर डावीकडे सरकल्या.

“मग उघड ना. पुरता उघड. असं थेंब थेंब काय? तुझं बाळ काय चिमणी आहे?”

फुसाएनं लगेच कान टवकारले. फुसाए म्हणजे कोपऱ्यावरच्या लोणच्यांच्या दुकानाची मालकीण. “कितवा गं?”

“तिसरा... लागेल आता.”

“तो फळा वाचलास का पण?” मी म्हटलं. मला काहीतरी म्हणायचंच होतं. “शेवटून तिसरी ओळ.”

“तो फळा पुरुषांनी टांगलाय,” शिगेनोसान म्हणाल्या. “त्यांच्या बाजूलाही हाच आहे. शेवटून तिसऱ्या ओळीनं त्यांचं आजवर काय बिघडलंय? तू बस गं पोरी. फार वेळ बसू नकोस, आणि उठताना झटकन उठायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं.”

त्या दिवसापासून चिहारु आमची झाली. फुसाएनं खारवलेल्या आलुबुखारांची बरणी दिली. मी वाफेवर शिजवलेली रताळी न्यायची. कुणीतरी उंच स्टूल आणून ठेवलं, म्हणजे तिला अंग धुवायला फार वाकायला नको. आणि शिगेनोसान तिची पाठ घासून द्यायच्या, रोज, मानेपासून कमरेपर्यंत, बांबूला पॉलिश करावं तशी. मी एकदा तिच्या पोटाकडे जरा वाकून बघितलं, तर शिगेनोसाननी ओल्या पंच्याचा फटका माझ्या खांद्यावर दिला.

“न्हाणीत पाठ बघायची असते, नोबुए. पोट नाही.”

“का बरं?”

“कारण पाठ आपली आपल्याला दिसत नाही. तिच्यासाठी दुसरं माणूस लागतं. पोट बघायला डोळे आहेत ना तिचे तिला.”

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. आम्ही रोज कोमट पाण्यात बसत होतो आणि बाहेर पडल्यावर दहा पावलांत आम्हाला थंडी वाजत होती. आणि चिहारुचं पोट होतं तिथंच होतं.

कपड्यांत माणूस वाटेल ते लपवतो. आमच्या न्हाणीत लपवायचं कुठं? हातरुमालापेक्षा जरा मोठा पंचा असतो, तेवढाच. चिहारु तो पंचा आता पोटापुढं धरून यायला लागली होती. आधी तसं करायची नाही. मी ते पाहिलं, फुसाएनं पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं.

“पहिलटकरणीचं दिसत नाही लवकर,” फुसाए माझ्या दुकानात केस कुरळे करून घेताना म्हणाली.

“चौथा संपत आला की.”

“बारीक आहे पोरगी. काहींचं बाळ मागं पाठीला चिकटून असतं.”

“सपाट आहे गं फुसाए. इस्त्री केल्यासारखं.”

“हो,” फुसाए म्हणाली. “माझ्यापेक्षा सपाट आहे.” फुसाए तेव्हा एकसष्ट वर्षांची होती आणि तिला लोणच्याबरोबर भात फार लागायचा.

मला रात्रंदिवस तोच चाळा लागला. आहे की नाही? असेल तर दिसत का नाही? नसेल तर कुठं गेलं? की नव्हतंच कधी? दुकानात मी एकीचे केस बोटभर जास्त कापले त्या विचारात. शेवटी मी दिनदर्शिका काढली. आमच्याकडे पाचव्या महिन्यात कुत्र्याच्या वाराला बाईच्या पोटाला पांढरा सुती पट्टा बांधतात. बारा जनावरांचे बारा दिवस, त्यातला कुत्र्याचा. कुत्री सहज विते म्हणून. पट्टा माहेरचे देतात. चिहारुचं माहेर समुद्रापलीकडे. मी हिशेब केला: जानेवारीच्या मध्यावर कुत्र्याचा वार येत होता. पट्टा आपणच द्यायचा, आणि तोही सगळ्यांसमोर. असेल तर आनंद, नसेल तर उलगडा. प्रेमापोटी करत होते असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्यात थोडं प्रेम होतंही, पण बाकी सगळी उत्सुकता होती.

मी शिगेनोसानना सांगितलं. त्या अंग पुसत होत्या.

“तुला कुणी करायला सांगितलंय हे?”

“आता तिचं इथं दुसरं कोण आहे?”

“नको करूस.”

“पण का?”

“मी नको म्हणते म्हणून. केस वाळव आणि घरी जा.”

मी कधी कुणाचं ऐकलंय? देवळात जाऊन मी पट्टा आणला. पांढराशुभ्र, घडी घातलेला, वर लाल शिक्का. कुत्र्याच्या वारी सव्वाचारला, शिगेनोसान हौदात, फुसाए हौदात, आणखी चौघी-पाचजणी अंग धूत होत्या, आणि चिहारु पंचा पोटापुढं धरून नळाकडे निघाली होती. मी ओल्या अंगानंच कपड्यांच्या फडताळातून पट्टा काढला आणि तिच्यासमोर दोन्ही हातांनी धरला.

“चिहारु, हे आमच्या सगळ्यांकडून.”

तिनं पट्टा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी घेतला, पंचा खाली पडला, आणि ती इतकी खाली वाकली की तिचे ओले केस फरशीला टेकले. “फार उपकार झाले तुमचे,” म्हणाली. पाण्यात ती उतरलीच नाही. तशीच वळली, कपडे चढवले, पाटी सरळ केली आणि गेली. तिचे मोजे राहून गेले होते. ते मोजे बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी घाण केली आहे.

शिगेनोसाननी डोळे मिटून घेतले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चिहारुची पाटी सरळच राहिली. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला. जानेवारीचा वारा वरच्या डोंगरावरून येत होता. माझ्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून तिच्या खोलीची खिडकी दिसायची, आणि रोज साडेचारला त्या खिडकीच्या काचेवर आतून किटलीची वाफ धरायची. ती खोलीत ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत होती. आमच्या गल्लीत, जिथं गटारातूनही गरम पाणी वाहतं, तिथं एक पोर किटलीभर पाण्यावर भागवत होती.

नवव्या दिवशी फुसाएनं हौदात बसून निकाल दिला. “खोटंच होतं ते. विसणासाठी खोटं बोलली. पहिल्या दिवशी घाबरली आणि जे तोंडात आलं ते बोलून गेली.”

“असं म्हणू नकोस,” मी म्हटलं. पण तेच माझ्याही मनात आलं होतं.

“का म्हणू नको? तीन महिने आम्हाला गार पाण्यात बसवलं. माझी कंबर धरली. मोहल्ल्याच्या अध्यक्षांना सांगते मी, हिची पाटी काढा म्हणून. न्हाणीत खोटं बोलणारीला न्हाणी नाही.”

पाटी काढली की संपलं. मग ती या न्हाणीत पाय ठेवू शकणार नव्हती, आणि त्या खोलीत किटलीच्या जोरावर किती दिवस काढणार होती? शिगेनोसान त्या दिवशी लवकर उठून गेल्या होत्या. मी केस न वाळवता त्यांच्या घरी धावले.

त्या जमिनीवर बसून विणत होत्या. बांबूच्या पट्ट्या त्यांच्या गुडघ्यांतून सापासारख्या सळसळत होत्या. मी सगळं सांगितलं, फुसाएचं, पाटीचं, किटलीचं, आणि शेवटी, “माझं चुकलं,” असंही म्हटलं.

“चुकलंच,” त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. “बस. मी तुला एक सांगते, आणि ते तुझ्या दुकानात ऐकू येता कामा नये.”

मी बसले.

“मी कुजूच्या डोंगरातून लग्न करून इथं आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. नळ मला मिळाला. पाचव्या महिन्यात पट्टा बांधला, आणि पट्टा बांधल्यावर सोळाव्या दिवशी पोर गेलं. सासू म्हणाली, पाण्यानं नेलं. डॉक्टर म्हणाला, पाण्याचा काही संबंध नाही, असं होतं कधी कधी. मी सासूचं ऐकलं. ती घरात होती, डॉक्टर नव्हता.”

“मग?”

“मग महिन्यानं न्हाणीत गेले. जाणार कुठं दुसरीकडे? सगळ्यांनी मला नळापाशी जागा करून दिली. त्यांना काय माहीत? आता नळ बंद ठेवला असता तर सांगावं लागलं असतं. उघडला की काही सांगावं लागत नाही. म्हणून उघडला.” त्यांनी एक पट्टी दातांत धरली, गाठ मारली. “सात आठवडे उघडला. पोटात काही नाही आणि विसण घालून बसायची. ओसेई म्हणून म्हातारी होती, नळाशेजारी बसायची, माझ्यासारखीच तोंडाळ. तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. सगळ्यांनाच कळलं असणार. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बघत नव्हतं.”

मला गप्प बसणं जड जातं, पण त्या दिवशी गेलं नाही.

“मग एक दिवस म्हटलं, आता या पाण्यालाच विचारायचं, तूच नेलंस का. नळाला हात लावला नाही. तशीच उतरले, गळ्यापर्यंत. असं वाटलं की कातडी सोलून निघतेय.”

“मग काय म्हणालं पाणी?” माझ्या तोंडून निघून गेलंच.

“पाणी काय म्हणणार? गरम होतं.” त्या थोडं हसल्या. “ओसेई म्हणाली, आज पाणी छान आहे. बाकीच्या म्हणाल्या, हो बाई, आज छान आहे. झालं. मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. ओसेई गेल्यावर तो कोपरा मी घेतला.”

शिगेनोसानना मूल नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नाही झालं, एवढंच. मी त्यांच्या शेजारी अठरा वर्षं बसत होते, त्यांच्या पाठीवर किती तीळ आहेत ते मला पाठ होतं, आणि ही एवढी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला रडू आलं. त्यांनी लक्ष दिलं नाही.

“म्हणजे चिहारुचंही गेलं?” मी नाक पुसत विचारलं. “की खरंच खोटं बोलली?”

“मला माहीत नाही.”

“विचारूया ना.”

“नोबुए, तुला खाज सुटली असेल तर आपली पाठ खाजव. हात पुरत नसेल तर मी ही पट्टी देते.” आणि त्यांनी खरंच बांबूची एक पट्टी माझ्यापुढं टाकली. मग उठल्या, गुडघ्यांवरचा भुसा झटकला. “तिचे मोजे कुठायत?”

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मोजे घेऊन आम्ही दोघी चिहारुकडे गेलो. चिहारुनं दार उघडलं. खोलीत किटली शेगडीवर होती आणि कोपऱ्यात पट्टा तसाच घडी घातलेला. डोळे सुजले होते तिचे. ती म्हणाली, “आजी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“मला ऐकू येत नाही,” शिगेनोसान म्हणाल्या.

“तुम्हाला चांगलं ऐकू येतं.”

“आज येत नाही. तू माझं ऐक. डॉक्टरनं मला गरम पाणी बंद केलंय. रक्तदाब. विसण घालून बसा म्हणतो. तो मेला नळ घट्ट झालाय आणि माझ्या हातांत राहिला नाही जोर. फिरवून द्यायला कुणीतरी हवं.”

दिवसभर बांबू चिरणारे ते हात. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“नोबुएताई आहेत ना,” चिहारु पुटपुटली.

“ही? हिच्या हाती नळ दिला तर आधी गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी करेल आणि मग फिरवेल. तोवर मी शिजून निघेन. चल, हे मोजे घाल. चार वाजून गेलेत.”

चिहारु मोजे हातात धरून उभी राहिली. पायांत घालावेत की नाही हेच तिला ठरवता येत नव्हतं बहुतेक. मग ती खाली बसली आणि एकेक मोजा चढवायला लागली, आणि मी वळून जिन्याकडे बघत राहिले.

आम्ही तिघी न्हाणीत शिरलो. शिगेनोसान आपल्या कोपऱ्यात बसल्या आणि फुसाएला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चिहारु, जरा विसण घाल गं माझ्यासाठी. माझा रक्तदाब.”

“तुम्हाला कधीपासून रक्तदाब?” फुसाए म्हणाली.

“कालपासून.”

“मग आता रोज गार पाणी?”

“रोज. आणि पाटी कुणाची काढायची असेल तर आधी माझी काढ. मीही तुला डॉक्टरचा कागद दाखवलेला नाही.”

फुसाएनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. चिहारुनं नळ फिरवला.

तो सगळा हिवाळा शिगेनोसान कोमट पाण्यात बसल्या. गरम पाण्याचा त्यांचा जीव. कोमटाला त्या निवलेला चहा म्हणायच्या. ओठ निळे पडायचे, दंडांवर काटा यायचा, आणि दात आवळून म्हणायच्या, “काय बरं वाटतंय.” मग घरी जाऊन दोन रजया घेऊन झोपायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चिहारु रोज यायची, नळ फिरवायची, त्यांची पाठ घासायची. पंचा धरायचा तिनं हळूहळू सोडून दिला. कुणी काही विचारलं नाही. मी तर जीभ चावून चावून बसायची.

मार्चच्या सुरुवातीला, आलुबुखाराची फुलं गळत आली होती तेव्हा, एक दिवस चिहारु हौदाच्या काठाशी आली आणि नळापाशी थांबली. हात पुढं केला. आणि मागं घेतला.

“आजी, आज तसंच राहू दे का? तुमच्या रक्तदाबाला चालेल?”

“बघू,” शिगेनोसान म्हणाल्या. “आज जरा बरा आहे.”

चिहारु उतरली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, दात आवळून, मग एकदम गळ्यापर्यंत. तिचं अंग लालबुंद झालं. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि आमच्या न्हाणीत सगळ्यांच्याच चेहऱ्यावरून ओघळतं, त्यामुळे ते कसलं पाणी हे कुणाला विचारायचं कारण नव्हतं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान, खोल. नळ ठिबकत होता तो शिगेनोसाननी घट्ट बंद केला.

मी तोंड उघडलं, पण फुसाएनं मला बोलू दिलं नाही. कपाळावरचा पंचा नीट करत ती म्हणाली, “आज पाणी छान आहे.”

“हो,” मी म्हटलं. “आज छान आहे.”

फुसाएला कुणी सांगितले होते ते शब्द? मी तर नव्हते सांगितले. आजवर मला कळलेलं नाही. कदाचित गल्लीतल्या बायकांना ते आईकडून मिळत असतील, आणि माझी आई बाहेरची होती. चिहारुचं काय झालं होतं, तेही मला आजवर माहीत नाही. बाळ गेलं की नव्हतंच. सत्तावीस वर्षं झाली. शिगेनोसान जाऊनही आता नऊ वर्षं होतील. चिहारु अजून इथंच आहे, आता समोरासमोर राहतो आम्ही, आणि मी विचारलेलं नाही. माझ्यासारखीला हे किती कठीण आहे ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

त्या हिवाळ्यानंतर दोन वर्षांनी, शरद ऋतूत, सव्वाचारला चिहारु आली. पाटी उलटी केली, अंग धुतलं, आणि हौदाच्या काठाशी येऊन कुणालाही काही न बोलता तिनं नळ उघडला. पुरता.

बादल्यांचे आवाज थांबले. शिगेनोसान डोळे मिटून बसल्या होत्या. त्या पाण्यात वीतभर डावीकडे सरकल्या.

माझी मान आपोआप वळायला लागली होती. डोळे खाली जायला लागले होते. मी ते धरून ठेवले, पंचा उचलला, त्याला साबण लावला.

“पाठ घासून देऊ का गं?”

“द्या ना, ताई,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी मानेपासून सुरुवात केली आणि कमरेपर्यंत गेले, आणि पाठच बघितली, पुन्हा पुन्हा, माझ्या हातून ती पार लाल होईपर्यंत. पाणी तोवर निवलेल्या चहासारखं कोमट झालं होतं.

“आज पाणी छान आहे,” शिगेनोसान म्हणाल्या. या वेळी त्यांचे दात आवळलेले नव्हते.